वाढणाऱ्याच्या बाजूचं ठिगळ

मी हंडा बोलतोय. बोलतोय कसलं, कुरकुरतोय म्हणा. अडीच हजार वर्षं गप्प बसलेल्याने तोंड उघडलं तर त्यातून गोडगोड शब्द निघतील अशी आशा धरू नका.

मी काशाचा. तुमच्याकडे ज्याची वाटी घेऊन तळपाय घासतात त्याच घराण्यातला, फक्त माझ्यात तांबं जास्त आणि कथील कमी. पोट एवढं मोठं की आठ-दहा बादल्या पाणी सहज मावेल. काठाला तीन कड्या. आणि एका कुशीवर तळहाताएवढं ठिगळ, आतून एक पत्रा, बाहेरून एक पत्रा, मध्ये अकरा रिबिटं. या मार्चात एका गुरुवारी ते ठिगळ कापून काढायचं ठरलं होतं. माझ्या अंगावर जीव लावावा अशी तेवढीच एक गोष्ट आहे. बाकी सगळा नुसता धातू.

शिकलेला मी नाही. पोटावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहिलाय, तो काय आहे हेसुद्धा मला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. मराठी कुठून आली विचाराल, तर क्षितिजाकडून. ती पुण्याची पोरगी स्टुटगार्टच्या एका लॅबमध्ये दोन वर्षं माझ्यावर डॉक्टरेट करतेय. खोलीत दुसरं कुणी नसलं की माझ्याशी मराठीतच बोलते. मी आतून पोकळ, एकदा शब्द आत शिरला की घुमत राहतो. असंच शिकलो. तिचे जर्मन शब्दपण शिकलो, ‘बरोबर’ला ‘गेनाऊ’, ‘तर मग’ला ‘आल्झो’, पण ते मी वापरत नाही. माझ्या वयाला शोभत नाहीत.

आता जन्मापासून सांगतो.

इथून मोटारीने तासाभरावर एक टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी एक कारागीर राहायचा. त्याने जाड चकतीवर ठोकायला सुरुवात केली आणि दोन महिने ठोकत राहिला. तापवायचं, विझवायचं, ठोकायचं. पुन्हा तापवायचं. थंड्यावर जास्त ठोकलं तर धातू रुसतो आणि चिरतो, हे त्याला ठाऊक होतं. माझ्या अंगावर कुठे जोड नाही, सगळा एका पत्र्यातून वर आलोय. त्याची मुलगी भाता ओढायची. डावखुरी होती. बाप तिला सारखा म्हणायचा, उजव्या हाताने धर. ती दोन घटका धरायची आणि परत डाव्यावर यायची.

मला नेलं ते माझ्या धन्याने. त्याचं नाव सांगत नाही, तुमच्या जिभेला वळायचं नाही. अंगाने आडवा, आवाजाने मोठा. त्या मुलखात त्याच्या शब्दावर दोनशे माणसं उठायची-बसायची. गळ्यात सोन्याचं कडं होतं. आणि एवढं सगळं असून त्याची एक खोड होती: आल्या-गेल्याला तो स्वतः वाढायचा.

माझ्यात मधाची दारू मुरायची. रानातला मध, झऱ्याचं पाणी, वर कसलासा पाला. घरात वाढायला माणसं काय कमी होती? पण हा पठ्ठ्या बाह्या वर करून ओगराळं घेऊन माझ्याशेजारी उभा. पाहुणे बैलाच्या शिंगाचे प्याले घेऊन समोर रांगेत. माझ्या काठाशी उभं राहून मी माणसांच्या जातीच ओळखायला लागलो. ‘थोडंच घाला’ म्हणणाऱ्याचं शिंग सगळ्यात लांब असतं. मोठ्याने हसणारा आधी संपतो. आणि जो नुसता धन्याच्या तोंडाकडे बघतो, त्याला दारू नको असते, त्याचं काहीतरी काम असतं. धनी सगळ्यांना सारखंच वाढायचा. ओगराळं वर काढलं की त्याचं बूड माझ्या काठावर आपल्या बाजूला पुसायचा, खाली थेंब सांडू नये म्हणून. खर्र, खर्र. तो आवाज अजून माझ्या काठात आहे.

मग एका जेवणावळीत त्याचे दोन मेव्हणे भांडले. कशावरून, ते त्यांनाही सकाळी आठवलं नाही. एकाने दुसऱ्याला ढकललं, दुसरा माझ्यावर, मी चुलीच्या दगडावर. कूस फाटली. दारू जमिनीत. दोन दिवस धन्याने कुणाला वाढलं नाही. तिसऱ्या दिवशी मला गाडीत घालून स्वतः टेकडीखाली घेऊन गेला.

कारागीर तेव्हा मरून गेला होता. डावखुरी मुलगी होती, आता तिच्या कपाळावरचे केस पांढरे झालेले. ती म्हणाली, “हे मोडीत घाला, नवीन करून देते.”

धनी म्हणाला, “नवीन तू करशील. हा तुझ्या बापाने केलाय.”

एवढ्यावर ती उठली आणि पत्रा कापायला बसली. मला घट्ट धरायला कुणीतरी हवं होतं. धनी जमिनीवर बसला, मला दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि दिवसभर तसाच बसून राहिला. गळ्यात सोन्याचं कडं, नाकात भट्टीचा धूर. ती डाव्या हाताने एकेक रिबिट ठोकत होती. अकरा ठोकली. त्यातलं खालून तिसरं जरा तिरकं बसलं. का बसलं ते शेवटी सांगतो.

तेव्हापासून घरात एक रीत पडली. माझी देखणी बाजू पाहुण्यांकडे, ठिगळाची बाजू धन्याकडे. कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं. धन्याने वीस वर्षं त्या ठिगळापाशी उभं राहून वाढलं. गर्दी नसली की रिबिटांवरून अंगठा फिरवायचा. हे कुणाला माहीत नाही, मला आहे.

तो गेला तेव्हा थंडी होती. त्याच्यासाठी लाकडाची खोली बांधली, आत गाडी ठेवली, काशाचा पलंग ठेवला, भिंतीला शिंगाचे प्याले टांगले. मला काठोकाठ भरलं. ठेवणाऱ्यांनी मला कसाही टेकवला होता. त्याची बायको आत आली, तिने बघितलं आणि एकटीने मला फिरवला. भरलेला हंडा, बाई वयाची, तरी फिरवला. देखणी बाजू दाराकडे, ठिगळ पलंगाकडे. मग ओगराळं माझ्यात सोडून ती बाहेर गेली, आणि वर दगड पडायला लागले.

पुढचं थोडक्यात. छत बसलं, मला पोचे आले, दारू आटून तळाला चॉकलेटी खरवड झाली. काळोख. किती वर्षं ते मला मोजता येत नाही.

पन्नासेक वर्षांपूर्वी उजेड आला. माणसं ब्रश घेऊन आली, हळू बोलत होती, तेवढं आवडलं. फोटो काढले. मग एकाने माझे पोचे काढले, चांगले काढले, त्याला नावं ठेवत नाही. पण त्यानंतर शिकलेल्या लोकांनी कागदावर दोन गोष्टी लिहून ठेवल्या, आणि त्या दोन्हींनी माझं डोकं फिरलं. एक, हा राजा होता आणि लोक याला आणून आणून वाढायचे. दुसरी, ठिगळ मयताच्या आदल्या दिवशी घाईने मारलंय. वारसांनी जुनाट फुटकं भांडं कसंतरी लिंपून बापाबरोबर पुरलं. एक तिरकं रिबिट बघून म्हणाले, कारागीर कच्चा. मी संग्रहालयात काचेच्या पेटीत चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे ऐकलं. शाळेची पोरं रोज यायची, बाई रोज तेच सांगायच्या. ओरडता येत असतं तर काच फुटली असती.

मग नवीन यंत्रं आली आणि म्हणे सगळ्या वस्तू पुन्हा तपासायच्या. मला पेटीतून काढून लॅबमध्ये आणलं, मऊ गादीवर बसवलं. तिथे क्षितिजा भेटली.

पोरगी कामाची आहे. माझ्याजवळ श्वाससुद्धा जपून घेते. पण ठिगळ काढायची कल्पना तिचीच. तिला ठिगळाखालचा झाकलेला धातू हवा होता, हवा न लागलेला, म्हणजे मी कुठल्या खाणीतला ते कळेल. आणि ठिगळ तर काय, मयताच्या घाईचं, त्याला कसली किंमत! तिने प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यावर लिहिलं होतं. परवानगीला आठ महिने लागले. अर्जाला इथे आन्ट्राग म्हणतात, आणि असे चार आन्ट्राग गेले. तिच्या वरच्या बाई, फ्राउ ब्रेंडल, यांनी सह्या गोळा केल्या. गुरुवार ठरला. रिबिटं कापायची बारीक करवत सोमवारी येऊन माझ्यासमोर टेबलावर बसली.

मंगळवारी क्षितिजा सासूला घेऊन आली.

सासूबाई म्हणजे सरलाबाई. नाशिकच्या. तीन महिन्यांसाठी मुलाकडे, पुष्करकडे आलेल्या. तो सकाळी गाडीच्या फॅक्टरीत, सून लॅबमध्ये, बाई घरात एकट्या. रविवारी रिकाम्या बाटल्या डब्यात टाकायला गेल्या तर खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने सुट्टीच्या दिवशी आवाज चालत नाही म्हणून दम दिला, तेव्हापासून घराबाहेर पडत नव्हत्या. म्हणून क्षितिजाने ब्रेंडलबाईंना विचारून वीस मिनिटांची परवानगी काढली. अट एकच: हात लावायचा नाही.

“अहो आई, बांगड्या काढून ठेवा हं इथे. हे हातमोजे घाला.”

“हात लावायचा नाही तर मोजे कशाला?”

“नियम आहे.”

“हात न लावायचा पण नियम, आणि मोजे घालायचा पण नियम. तुमच्या जर्मनांचं काही कळत नाही बाई.”

मला बाई पहिल्या वाक्यातच पटली.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चष्मा वर केला. मग म्हणाली, “क्षितिजा, हा हाताने ठोकलेला आहे गं. साच्यातला नाही. बघ, मठार दिसतो.”

“हो आई, गेनाऊ. हातोडीचे ठसे आहेत ते.”

“तू मला सांगतेस? माझ्या माहेरी याच आवाजात आम्ही झोपायचो.” बाईंचं माहेर तांबटांच्या आळीतलं, वडील भांडी करायचे आणि लग्नाकार्याला भाड्याने द्यायचे. “परत आलेली भांडी तपासायचं काम माझं. कुणी कुठे आपटलंय, कुणी करपवलंय, कुणी चिंच न लावता घासलंय, मी नुसतं बघून सांगायची. लोक खोटं बोलतात, भांडं नाही बोलत.”

ती माझ्याभोवती फिरायला लागली. ठिगळापाशी आली आणि थांबली. “हे का बांधून ठेवलंय?” ठिगळाभोवती गुरुवारसाठी चिकटपट्टीची खूण केलेली होती.

क्षितिजाने सांगितलं. ठिगळ मयताच्या आदल्या दिवशीचं, घाईचं, परवा काढणार, खालचा धातू तपासणार.

“आदल्या दिवशीचं?” सरलाबाई वाकल्या. “कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात. मी पण लिहिलंय.”

“मग सगळेच चुकलात. हा काठ बघ. सगळीकडे केवढा जाड आणि नेमका ठिगळाच्या डोक्यावर केवढा पातळ. झिजलाय. इथे ओगराळं पुसलंय कुणीतरी. एकदा नाही, वर्षानुवर्षं.”

“तो गंज असेल आई. मातीचा दाब...”

“दाब कसला! माती काय नेम धरून दाबते? थेंब पडू नये म्हणून वाढणारा आपल्या बाजूच्या काठाला ओगराळं पुसतो. आमच्या आमटीच्या पातेल्यांना सगळ्यांना हाच रोग. आता आत बघ. बॅटरी दे तुझी.”

क्षितिजाने दिवा आत धरला. दोघींची डोकी माझ्या तोंडावर. गेल्या कित्येक वर्षांत असं कुणी वाकलं नव्हतं. वाकायचे ते प्याला घेऊन वाकायचे.

“ओगराळं वर येताना घासल्याच्या रेघा आहेत ना? खालून वर? आता त्या ठिगळावर आहेत की ठिगळाखाली जाऊन लपल्यात?”

क्षितिजाने दिवा आणखी जवळ नेला. रेघा ठिगळाच्या पत्र्यावरून सरळ वर गेल्या होत्या, रिबिटांची डोकी ओलांडून.

“म्हणजे ठिगळ आधी, झीज नंतर,” सरलाबाई म्हणाल्या. “ठिगळ मारल्यावर यातून दहा-वीस वर्षं तरी वाढलंय. आदल्या दिवशीचं म्हणे!”

मला काय झालं ते कसं सांगू? घाम येत असता तर गादी भिजली असती.

“आणि एक सांगते,” बाई थांबेचनात. “वाढणारा ठिगळाच्या बाजूला उभा राहायचा. बरोबरच आहे. पोचा पडलेली बाजू आपल्याकडे घ्यायची, धड बाजू पंगतीकडे. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण चुकून उलटं ठेवलं तर आजी चिमटा काढायची. पुरताना कशी ठेवली होती गं बाजू?”

भिंतीवर जुना फोटो होता, खणताना काढलेला. क्षितिजा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. दाराकडे देखणी बाजू. ठिगळ पलंगाकडे.

“पलंगावर कोण?”

“तो. राजा.”

“मग वाढणारा तोच की! अगं, राजा कुठला, हा तर वाढपी!”

“आई, वाढपी नका म्हणू. यजमान म्हणा निदान.”

“तेच ते. कार्यघरचा माणूस. शेवटची पंगत उठेपर्यंत ज्याला बसता येत नाही तो.” आणि कुणी काही म्हणायच्या आत बाईंनी बोट वाकवून माझ्या कुशीवर एक टिचकी मारली.

टण्ण.

ठिगळामुळे आवाज जरा बसका येतो, तसाच आला. पण आला. दाराशी येऊन ठेपलेल्या ब्रेंडलबाई जागच्या जागी थिजल्या.

“हात लावायचा नाही असं ठरलं होतं,” त्या जर्मनमध्ये म्हणाल्या.

सरलाबाईंनी सुनेला विचारलं, “काय म्हणतात?”

“तुम्हाला रागावतायत.”

“सांग त्यांना, मोजे घातले होते.”

बाईंना खालच्या कॅन्टीनमध्ये कॉफीला बसवून क्षितिजा परत आली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली. तोंड उतरलेलं. “काय रे,” मला म्हणाली, “आता काय करू? अख्खं प्रकरण खोडायचं? मे महिन्यात त्यावर बोलायचंय मला. आठ महिने त्या बाईंना पळवलंय मी.” ती गप्प बसली तर कुणाला कळणार नव्हतं. रिबिटं कापली असती, रेघांचा पत्रा डबीत गेला असता. मी करवतीकडे बघत होतो.

तासाभराने ती सासूला बोलवायला खाली निघाली, तर बाईच धापा टाकत वर आलेल्या. दारातूनच म्हणाल्या, “अगं, चेहरा काय असा? ठोकताना चुकलं तर आम्ही परत भट्टीत घालतो. नरम होतं, परत ठोकायचं. थंड्यावर रेटलं की चिरतं. सांगून टाक त्यांना.”

क्षितिजा ब्रेंडलबाईंकडे गेली. दोघी संध्याकाळपर्यंत सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. ब्रेंडलबाईंनी अर्धवट खाल्लेला ब्रेत्झल तसाच राहिला, आणि ही बाई अन्न टाकणारी नव्हे. शेवटी त्यांनी डोळा वर घेतला.

“जा,” त्या म्हणाल्या. म्हणजे हो. मग करवतीकडे बघत, “परवानगी मिळवायला चार अर्ज असतात. परत करायला एकही नाही. उद्या मला फोनवर वेड्यात काढतील.”

“मी करते फोन. चूक माझी आहे.”

“चूक माझ्या प्रोफेसरांची आहे, त्यांच्याकडून मी घेतली आणि माझ्याकडून तुम्ही. रांगेत उभ्या राहा.” एवढं बोलून त्यांनी करवत उचलली आणि खोक्यात घालून खोक्याला चिकटपट्टी लावली.

क्षितिजाची डॉक्टरेट आता वर्षभर लांबली आहे. ती रोज माझ्या काचेसमोर बसून नवीन प्रकरण लिहिते आणि मधूनमधून मला शिव्या देते. देऊ दे. खाण कुठली ते तिला अजून कळलेलं नाही. मला माहीत आहे, पण विचारतंय कोण? सरलाबाई नाशिकला परतल्या. जायच्या आधी पुन्हा एकदा येऊन गेल्या, या वेळी रीतसर अर्ज करून. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “चिंच असती तर घासून दिला असता.” ब्रेंडलबाईंना त्याचं भाषांतर कुणी करून सांगितलं नाही, ते बरं झालं.

आता मला परत संग्रहालयाच्या दालनात ठेवलंय. पाटी बदलली. राजा शब्द गेला. ठिगळ मागच्या बाजूला आहे, पलंग होता त्या अंगाला. पुढून येणाऱ्याला माझी देखणी बाजू दिसते, जशी दिसायला हवी. माझ्यात आता काही नाही, दारू नाही, ओगराळंही वेगळ्या काचेत. संध्याकाळी दिवे गेले की काठाला कान लावल्यासारखं मी खर्र, खर्र आठवत बसतो. त्या घराचा आवाज, शिंगांची खडखड, मेव्हण्यांची भांडणंसुद्धा. माणसं काय त्रास देतात! आणि नसली की काय उणं वाटतं.

तुमची माणसं इकडे पुष्कळ झालीत. स्टुटगार्टात आहेत, वाल्डॉर्फला आहेत, र्युसेल्सहाइमला गाड्या बनवतायत. रविवारी दुकानं बंद, कपडे धुवायची बंदी, मग घरात बसून काय करता? इकडे या. पण आलात तर पुढून फोटो काढून निघू नका. पुढून बघतात ते पाहुणे. पेटीमागे भिंतीपर्यंत दीड हात जागा क्षितिजाने भांडून ठेवून घेतली आहे. अंग चोरून तिथे शिरा, म्हणजे घरचे. माझा धनी वीस वर्षं जिथे उभा होता तिथेच उभे असाल.

वाका आणि रिबिटं मोजा. अकरा आहेत. खालून तिसरं तिरकं दिसेल. कारागीर कच्ची नव्हती. धन्याच्या नाकात धूर गेला आणि ऐन ठोक्याला तो शिंकला. ती हातोडी टाकून हसत सुटली, मग तो हसला, आणि मी त्याच्या गुडघ्यांत होतो, म्हणून मीही हललो.